रिकामा फोटो म्हणजे पुरावा नव्हे

अमेरिकेतल्या आयोवा आणि इलिनॉय राज्यांत १ ऑक्टोबरला धनुष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि दहा-बारा दिवसांत तेच जुनं पालुपद सुरू होतं: ऑक्टोबरच्या मध्यावर व्हाइटटेल हरणाचे चार-पाच वर्षांचे मोठे नर फिरायचेच थांबतात, तेव्हा मचाणावर ताटकळू नका, रजा नोव्हेंबरच्या माजासाठी राखून ठेवा. पुरावा काय, तर सप्टेंबरभर सोयाबीनच्या कडेला दिसणारा नर कॅमेऱ्यातून गायब झाला. कुणी यात चंद्रही घुसडतो. या सांगण्यावर विसंबून नवखा शिकारी हंगामातले ऐन दिवस घरी बसून घालवतो, याची मला चीड येते.

कॅमेरा एका झाडाला बांधलेला असतो. तो साक्ष देतो ती समोरच्या चार ढांगांची, अख्ख्या रानाची नाही. सोयाबीन पिवळं पडून पाला गळाला की हिरव्या पाल्यासाठी येणाऱ्या जनावराला त्या शेतात काय उरतं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्याच सुमारास रानात पांढऱ्या ओकची फळं गळत असतात. लाल ओकपेक्षा ती कमी तुरट, म्हणून हरणं आधी त्यांच्यावर तुटून पडतात. झाडाखाली पोट भरतंय आणि बसायची दाट झाडी शेजारीच आहे, तर तो नर उघड्या शेतात येईलच कशाला? शिवाय उन्हाळाभर एकत्र चरणाऱ्या नरांची टोळी शिंगांवरची मखमल उतरली की फुटते, काहींचा मुक्कामच हलतो. अंगावर हिवाळ्याची दाट लव आलेली असल्याने उकाड्याच्या दुपारी जनावर सावली सोडत नाही. आणि शिकारी काय करतो? दर दोन दिवसांनी कॅमेऱ्याचं कार्ड काढायला त्याच पायवाटेने जातो, गवताला मांड्या घासतो, फांद्या हातांनी बाजूला सारतो, आपला वास जागोजागी ठेवून येतो. मग नर बुजून वाट बदलतो आणि ठपका ऑक्टोबरवर येतो. गळ्यात जीपीएस पट्टे बांधून अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांत नरांचा माग ठेवला गेला, त्यात मध्य ऑक्टोबरला खंड दिसत नाही. चाल वाढत जाते आणि नोव्हेंबरात शिगेला पोहोचते. ‘पण चालतो तो रात्रीच’ म्हणाल, तर पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या वेळा बाराही महिने आहेत. चंद्राचं म्हणाल, तर माजाची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते.

मग करावं काय? शेत सोडून ओक गाठावा. झाडाखाली नुकती फोडलेली टरफलं आणि ताज्या लेंड्या असतील तर मचाण तिथेच, पण वारा नराच्या बसायच्या जागेकडे जात नसेल तेव्हाच. थंडीची लाट आली की त्या संध्याकाळी जावं, एरवी तिकडे फिरकू नये. बाण सोडताना जनावर निवांत असणंही तितकंच महत्त्वाचं. बाणाला वीस मीटर जायला साधारण पाव सेकंद लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या आधी पोहोचतो. बिचकलेलं हरीण तेवढ्यात उडी घेण्यासाठी छाती खाली दाबतं आणि बाण फुप्फुसांच्या वरून जातो. जनावर हाल न होता मरावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला मादीमागे धावणाऱ्या नरापेक्षा ओकखाली निवांत फळं फोडणारा नर हवा. तो आडवा उभा राहून पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत तिथे थांबता येतं.