चालकाच्या झोपेची किंमत

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरविली होती. मात्र पाचपेक्षा कमी कामगार असलेले मालक त्यातून सुटले होते, आणि आपल्याकडे छोट्या मालकांचीच संख्या मोठी आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून निर्मित होणाऱ्या साडेतीन टनांवरील ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली, हे स्वागतार्हच. परंतु गार हवा झोपेची जागा घेऊ शकत नाही. मोबदला खेपेवर आणि उशीर झाल्यास कपात, असा हिशेब असेल तर चालक रात्र जागून काढणारच. अर्थशास्त्राचा हा साधा नियम आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की अशक्य मुदत घालणाऱ्या माल पाठविणाऱ्यालाही अपघातास उत्तरदायी धरावे.