सतराची चाकं पुरेशी आहेत

मुलुंडच्या एका तरुणाने जुनी पण नीट राखलेली दोन आसनी जर्मन स्पोर्ट्स कार घेतली. गाडीला कंपनीची १७ इंची चाकं आहेत. ती काढून १९ इंची बसवावीत का, हा त्याचा प्रश्न होता. तो त्याने ज्यांना विचारला, त्या गृहस्थांचा अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत गाड्यांतले जाणकार म्हणून दबदबा आहे. त्यांनी चारचौघांत निकाल दिला : ‘सतराच्या चाकांवर स्पोर्ट्स कार चालवायची, तर त्यापेक्षा रिक्षा बरी.’ ऐकणारे हसले आणि प्रश्न सुटला असं सगळे धरून चालले. तो सुटलेला नाही. असल्या एका वाक्यावर विसंबून पोरं लाखाच्या वर पैसे घालतात आणि चांगली गाडी बिघडवून घेतात, म्हणून हा लेख.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. मोठ्या चाकावर टायरची भिंत कमी उरते, त्यामुळे स्टिअरिंग हलवताच गाडी वळते. मोठ्या चाकातून ब्रेकला वारा मिळतो. फॉर्म्युला वनसुद्धा २०२२मध्ये १३ इंचांवरून १८ वर गेली. कंपन्या १७ देतात ते पैसे वाचवायला. मुंबईचे रस्ते आता सिमेंटचे झाले, अटल सेतू झाला, कोस्टल रोड झाला, खड्ड्यांची भीती म्हाताऱ्यांनी बाळगावी. आणि त्यांच्या मते बिनतोड मुद्दा हा, की चाक आणि कमान यांच्यामध्ये पोकळी दिसली की गाडी केविलवाणी दिसते.

दिसण्याचा मुद्दा मी खोडत नाही. उभ्या गाडीला १९ची चाकं शोभतात. पण स्पोर्ट्स कार उभी करून ठेवण्यासाठी घेतलेली नसते.

ब्रेकचं म्हणणं सरळ चूक आहे. डिस्क तीच, कॅलिपर तेच, पॅड तेच. बदललं काय, तर फिरणारं वजन केंद्रापासून लांब, कडेकडे गेलं आणि बाजारातली स्वस्त ओतीव चाकं घेतली तर ते वाढलंही. म्हणजे त्याच ब्रेकला काम जास्त. कंपनी पैसे वाचवते हेही टिकत नाही. त्याच गाडीला १८ आणि १९ची चाकं जादा पैसे घेऊन देणं हा कंपन्यांचा चांगला चाललेला धंदा आहे, तो त्या कशाला लपवतील?

आमच्याच बाजूचे काहीजण म्हणतात की मोठ्या चाकाने स्पीडोमीटर खोटं बोलतो. टायर नीट निवडला तर हा आक्षेप उरत नाही. २२५/४५ आर १७चा बाहेरचा व्यास ६३४ मिलिमीटर, २२५/३५ आर १९चा ६४०. फरक एका टक्क्याच्या आत. दुबळे मुद्दे आपल्या बाजूचे असले तरी सोडून द्यावेत.

फॉर्म्युला वनचा दाखला मात्र मला चीड आणतो, कारण तो देणाऱ्याने साधी वजाबाकीही केलेली नसते. जुन्या १३ इंची चाकावरचा टायर ६७० मिलिमीटर उंच होता, नव्या १८ इंची चाकावरचा ७२० आहे. रिम मोठी झाली तसा टायरही मोठा झाला. रिम वजा केली तर आजही त्या टायरला १३० मिलिमीटरच्या आसपास भिंत उरते. मुलुंडच्या गाडीला १९ बसवल्यावर उरणार ७९. आपल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला शर्यतीच्या गाडीपेक्षा ५० मिलिमीटर कमी रबर द्यायचं आणि वर शर्यतीचंच नाव घ्यायचं! शिवाय टायर रस्त्यावरच्या गाड्यांसारखे दिसावेत, हा त्या बदलामागचा एक हेतू होता. म्हणजे शर्यतीने रस्त्याची नक्कल केली आणि आमचे जाणकार त्या नकलेला पुरावा मानतात.

आता मुख्य गोष्ट, टायरची भिंत. माझं सगळं भांडण इथे आहे.

२२५/४५ आर १७ म्हणजे २२५ मिलिमीटर रुंदी आणि तिच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिलिमीटर उंचीची भिंत. २२५/३५ आर १९ला ती ७९ होते. गेलेले २२ मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. पण गाडीची पहिली स्प्रिंग हीच आहे. शॉकअप आणि कॉइल हलायच्या आधी दणका हवा आणि रबर घेतात. त्यांनी घेतला नाही तर तो रिमला जातो, तिथून बॉलजॉइंटला, लोअर आर्मच्या बुशला आणि शेवटी चालवणाऱ्याच्या कण्याला. त्यात १७च्या त्या टायरवर भारांक बहुधा ९१ असतो, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. १९वर ८८, म्हणजे ५६० किलो, तेही हवा जास्त भरली तर. उभ्या गाडीला दोन्ही पुरतात. पण खड्ड्याच्या कडेवर क्षणभर जो भार येतो तो उभ्या गाडीचा नसतो, आणि जास्त हवेने टायर आणखी ताठ होतो.

हे आता रस्त्यावर ठेवून पाहा. मुलुंडमधून निघायचं तर एलबीएस मार्ग आला. तिथे मेट्रो ४चं काम आहे : पत्रे, वळवलेल्या मार्गिका, खणलेल्या जागी टाकलेल्या लोखंडी प्लेटा. प्लेटेची कड रस्त्यापेक्षा वर असते आणि धारदार असते. मग जेव्हीएलआर किंवा पूर्व द्रुतगती मार्ग. उड्डाणपुलांच्या सांध्यांवर प्रत्येक वेळी धक्का. डांबराचा थर चढला की गटाराची झाकणं खाली राहतात, आणि गुळगुळीत रस्त्यात मधेच चौकोनी खाच तयार होते. पेव्हरब्लॉक बसवलेल्या जागी एक ठोकळा निघाला की शेजारचे सैल होतात, आणि निघालेल्या जागेची कड उभी, काटकोनात कापलेली असते. टायरला सगळ्यात वाईट हीच.

सिमेंटच्या रस्त्याने हे संपलं, असं गृहस्थ म्हणतात. संपलेलं नाही, त्याचं रूप बदललं आहे. सिमेंटचं काम अर्धा अर्धा रस्ता घेऊन होतं. नवं सिमेंट जिथे संपतं आणि जुनं डांबर किंवा गल्लीचा पेव्हर सुरू होतो, तिथे पायरी राहते. डांबराच्या खड्ड्याची कड झिजून गोल होते, सिमेंटची होत नाही. अटल सेतूवर ताशी १०० किलोमीटरने जाता येतं, मान्य. पण मुलुंडहून शिवडीपर्यंत पोहोचायचं कसं? भांडुप, विक्रोळी, घाटकोपर ओलांडूनच ना? बोरिवलीवाल्याला कोस्टल रोड लागतो तोवर त्याचा अर्धा दिवस पश्चिम द्रुतगती मार्गाने खाल्लेला असतो.

पावसाचं तर गृहस्थांनी नावही काढलं नाही. मुंबईत गाड्यांवर मत द्यायचं आणि जून ते सप्टेंबर हिशेबात धरायचे नाहीत, याला जाणकारी म्हणत नाहीत. पाणी भरलेला खड्डा आणि नुसतं साचलेलं पाणी वरून सारखंच दिसतं. अंधेरी सबवे किंवा साकीनाक्याच्या गर्दीत पुढच्या रिक्षाला चिकटून चालताना चुकवायला जागाही नसते. चाक खाली जातं, पुढची कड टायरवर आदळते, भिंत त्या कडेच्या आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते. आतले धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी भिंतीला अंड्याएवढा फुगा येतो, आणि त्या टायरला दुरुस्ती नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. फुगा आला नाही तर रिमची आतली कड वाकते. ती गाडीच्या पोटाकडे असल्यामुळे मालकाच्या नजरेला पडत नाही. हवा हळूहळू कमी होते, मालक पंक्चर शोधत राहतो आणि ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा घाटकोपरच्या गल्लीत तापवून, ठोकून रिम सरळ करून मिळते. तडा गेला असेल तर वेल्डिंगही होतं. पण ओतीव अलॉय तापवल्यावर तिची मूळ ताकद राहत नाही. असं डागडुजी केलेलं चाक घालून हा तरुण एक्स्प्रेस वेवर जाणार आहे. गृहस्थ त्याच्या शेजारी बसणार आहेत का?

१७चं चाक खड्ड्यात वाकतच नाही असं मी म्हणत नाही. वाकतं. पण ज्या दणक्याला १७वर फक्त ‘धप्प’ होतं, तोच १९वर रिमपर्यंत पोहोचतो. २२ मिलिमीटर वाचवतात ते एवढ्यासाठी.

मोठ्या चाकांचा हा पक्ष माझ्या जुन्या ओळखीचा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी बनत होती, तेव्हाही तो होता. ५.२० × १४चा उंच, अरुंद टायर त्या गाडीला दिलेला होता, आणि या शहराच्या रस्त्यांवर टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं त्याच चणीच्या चाकांवर संसार केला. तेव्हा रुंद टायर बसवा म्हणजे पकड वाढते, असं सांगणारे भेटायचे. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत रुंद टायर बसवून लोक खांदे दुखवून घेत. पावसात त्या रुंदीचा तोटाच, कारण टायरला तेवढं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. आणि टायर जमिनीला किती जागेत टेकतो, हे मुख्यतः त्यावरचं वजन आणि आतली हवा ठरवतात. रुंदीने त्या जागेचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसं नाही. तेव्हाही हे कुणी ऐकलं नाही. मोठं चाक म्हणजे वेगवान गाडी मानणाऱ्यांनी एवढंच आठवावं : १९५९ची मिनी १० इंची चाकांवर होती, आणि तिच्या कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. बर्फात, घाटात, स्वतःपेक्षा कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकून.

कायद्याचं एका वाक्यात : मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्हींचा रोख उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून दूर जाण्याच्या विरोधात आहे. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर हा वाद घालण्याची हौस कुणाला नसावी.

मग करावं काय? गाडी वळवताच वळावी, ही त्या तरुणाची इच्छा रास्त आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिचा रस्ता रिममधून जात नाही. १७ तशीच ठेवावीत आणि पैसा टायरच्या दर्जात घालावा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. जुन्या स्पोर्ट्स कार कमी चाललेल्या असतात, त्यामुळे नक्षी भरपूर आणि रबर वाळलेलं, असे टायर त्यांच्यावर सर्रास आढळतात. ते काढून ताजे, मऊ रबराचे, ओल्यात पकड असलेले चार एकसारखे टायर घातले की गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते. हवा दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. अलाइनमेंट करावी, बुश आणि ब्रेक ऑइल बदलावं. हलकेपणा ही या जातीच्या गाडीची खरी श्रीमंती आहे. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवा : फायबरग्लासचं अंग, ११४९ सीसीचं रेनॉ इंजिन, सुमारे ६० अश्वशक्ती. तिला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण आपल्याकडे कुणीतरी छोटी, हलकी, उघडी गाडी बनवण्याची हिंमत केली याचं मला कौतुक वाटतं. मुलुंडहून पहाटे निघून कल्याण, मुरबाड करत माळशेजच्या वळणांवर पोहोचलेल्या माणसाला चाकाची मापं आठवत नाहीत. गाडी हातात कशी येते, तेवढंच कळतं.

एवढं ऐकूनही मोठं चाक हवंच असेल तर १८वर थांबावं. तेही कंपनीने त्याच गाडीला दिलेलं, त्याच ऑफसेटचं, हबवर रिंग न घालता नेमकं बसणारं. शक्य असेल तर फोर्ज्ड.

आणि गृहस्थांना माझं उघड आवाहन आहे. जुलैत, भर पावसात, दोन सारख्या गाड्या आणू, एक १७वर आणि एक १९वर. कांजूरमार्गच्या गांधीनगर जंक्शनपासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत एलबीएस मार्गाने जाऊन येऊ आणि गाड्या आलटून पालटून चालवू. परत आल्यावर आठही चाकं उतरवू, आणि आतल्या कडेवरून बोट आधी त्यांनी फिरवावं.