सभासद कोणाला करून घ्यायचे?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील पतसंस्थेकडे सभासदत्वासाठी एक अर्ज आला. अर्जदार आमच्याच वस्तीत जन्मलेली. लहानपणी तिला सगळे मुलाच्या नावाने हाक मारीत. सोळाव्या वर्षी तिचे घर सुटले, म्हणजे सोडायला लावले, आणि वीस वर्षांनी आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती परत आली. आज आईचे औषधपाणी तीच बघते. सिग्नलवर मागणे सोडून तिला शिलाई मशीन घ्यायचे आहे. मशीनला कर्ज हवे आणि कर्जासाठी आधी सभासद व्हायला हवे. कागदपत्रे चोख होती, शेअरची रक्कम तिने रुमालात बांधून आणली होती.

बैठकीत विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "हप्ता भरायला बायका-मुली येतात हो, बरे दिसत नाही." दुसरे हसले. विषय पुढच्या बैठकीवर गेला. आम्ही मानद सचिव म्हणून तिथेच बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. इतिवृत्तात 'विषय तहकूब' असे लिहिले आहे, ते अक्षर आमचेच.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "तुम्ही काय म्हणालात?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आज थोडे दूरचे सांगतो.

तमिळनाडूच्या तूत्तुकुडी जिल्ह्यात ग्रेस बानू नावाच्या कार्यकर्त्या आहेत. दलित आणि पारलिंगी. शाळेत इतर मुलांशी मिसळू नये म्हणून त्यांची येण्याजाण्याची वेळच वेगळी ठेवली होती, असे त्यांनी सांगितले आहे. तरीही त्या शिकल्या. तमिळनाडूत अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळवणाऱ्या त्या पहिल्या पारलिंगी विद्यार्थिनी. बाबासाहेबांना मानणाऱ्या या बाईंनी दोन गोष्टी धरून ठेवल्या: समांतर आरक्षण आणि स्वतःच्या मालकीचा रोजगार.

आरक्षणाचे आधी पाहू, कारण आमचे निम्मे आयुष्य बिंदुनामावलीच्या रजिस्टरात गेले आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात निकाल दिला. पारलिंगी व्यक्तींना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात व नोकरीत आरक्षण द्यावे, असे त्यात म्हटले. निकाल मोठाच. पण त्यांना सरसकट मागासवर्गाच्या रकान्यात टाकले तर अनुसूचित जातीतल्या पारलिंगी मुलीने काय करावे? तिथे गेली तर जात पुसली जाते, अनुसूचित जातीत राहिली तर तिचे पारलिंगी असणे मोजले जात नाही. ग्रेस बानूंचे म्हणणे असे की प्रत्येक प्रवर्गाच्या आतच जागा ठेवा. आपल्याकडे महिलांचे ३० टक्के आरक्षण असेच आडवे चालते. अनुसूचित जातीची महिला लागली की ती अनुसूचित जातीच्याच बिंदूवर मोजली जाते. कर्नाटकने २०२१ मध्ये राज्यसेवेच्या नियमांत बदल करून प्रत्येक प्रवर्गात पारलिंगींसाठी एक टक्का ठेवला. म्हणजे हे अशक्य नाही. रजिस्टरात एक रकाना वाढवायचा, आमच्यासारख्या कारकुनाला अर्ध्या तासाचे काम.

आता दुसरी गोष्ट, जी आम्हाला जास्त मोलाची वाटते. कोविलपट्टीजवळ मंदितोप्पू नावाचे गाव आहे. तिथे २०२० साली पारलिंगी महिलांची घरे उभी राहिली, गाई आल्या आणि त्यांची स्वतःची दूध उत्पादक सहकारी संस्था सुरू झाली. पुढाकार ग्रेस बानूंचा, हात जिल्हाधिकाऱ्यांचा. बधाई मागणे, भीक किंवा देहविक्रय, याखेरीज ज्यांना चौथे काम कोणी देत नव्हते त्या बाया पहाटे उठून धारा काढू लागल्या.

दूध ही साधी वस्तू नाही, वाचकहो. आमच्या गावी आपल्या माणसाने म्हैस पाळली तर तिचे दूध घ्यायला कोणी फिरकत नसे, हे आमच्या वडिलांनी भोगले आहे. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या हातचे दूध कोण पिणार? तिथे तर दलित आणि वर पारलिंगी. तिच्या बरणीतले दूध गावात विकले जाते तेव्हा चवदार तळ्याचीच आठवण होते.

आम्ही बी.कॉम.ला सहकार शिकलो तो परीक्षेपुरता. त्याचा अर्थ नंतर कळला. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. सहकारी संस्थेत शेअर एक असो की शंभर, मत एकच. सर्वसाधारण सभेत हिशोब विचारण्याचा हक्क प्रत्येकाला. (आपल्या साखर कारखान्यांत तो हक्क कोणी कसा वापरला हा वेगळा विषय आहे, आणि लांबलचक आहे.) बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मांडलेला समाजवाद आठवा. जमीन राज्याची, ती गावातल्या कुटुंबांच्या गटांनी सामुदायिकपणे कसायची, देताना जातिधर्माचा भेद करायचा नाही. त्यांना हुकूमशहाचा समाजवाद नको होता, तो त्यांनी संविधानात लिहून मागितला होता. आम्ही त्याला आमची छोटी पुरवणी जोडतो: राज्य देईल, पण चालवायचे ज्याचे त्याने, आणि चालवणाऱ्यांत कोणी वगळलेला नको. मंदितोप्पूबद्दल आम्हाला एकच काळजी वाटते. मदत करणारा अधिकारी बदलून जातो. अनुदानावर संस्था उभी राहते, पण खेळत्या भांडवलावर जगते.

काही जण म्हणतील, आपले प्रश्न काय कमी आहेत, त्यात हे कशाला? त्यांना १९३४ सालची आठवण द्यावीशी वाटते. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली हा गुन्हा. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांचे वकील होते बाबासाहेब. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तेव्हा आधार घेतला तो संवैधानिक नैतिकतेचा, ज्याविषयी बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलले होते. तेव्हा हा विषय बाहेरून आपल्या दारात आलेला नाही.

पण न्यायालय पतसंस्थेच्या बैठकीला येत नाही. आईबापही पोर घराबाहेर काढताना निकालपत्र वाचत नाहीत. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून 'इतर' म्हणून ४ लाख ८७ हजार ८०३ माणसे नोंदली गेली. त्यांतले कितीजण आपल्या घरातून गेले असतील, कोणी मोजले?

आम्ही सहकार कायदा काढून पाहिला. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. कलम २२ असे सांगते की अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानायचे. म्हणजे आम्ही आणखी दोन महिने तहकुबी लिहीत राहिलो तरी ती आपोआप आत येईल. एक सहकारी आम्हाला म्हणालेही, "मग कशाला वाईटपणा घेता? गप्प राहा, होऊन जाईल." आम्हाला ते पटले नाही. तिला आमच्या गप्प बसण्याने आत यावे लागले, तर हप्ता भरायला आली की आम्ही तिच्याकडे कोणत्या तोंडाने पाहणार?

येत्या रविवारी बैठक आहे. विषयपत्रिका आम्हीच लिहितो. पहिला विषय तोच घातला आहे आणि सूचक म्हणून आमचे नाव लिहिले आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.