संशोधनाची शिदोरी

निवासी शाळेचे यश मोजताना आपण प्रथम दहावीचा निकाल पाहतो. पुढे किती मुले पदवीधर झाली, किती नोकरीस लागली, याचीही अभिमानाने नोंद करतो. आपल्यापैकी किती जण संशोधनाकडे वळले, आणि किती जणांचे संशोधन पैशाअभावी अर्ध्यावर राहिले, हा प्रश्न मात्र आपल्या मेळाव्यांत क्वचितच निघतो. मोडनिंबसारख्या गावात बौद्ध समाजाने चालविलेल्या शाळेने तो आता विचारला पाहिजे, असे मला वाटते. आपली एक पिढी प्रथमच शाळेची पायरी चढली, पुढची पदवीधर झाली. आज शिकणाऱ्या मुलांनी ज्ञान मिळवावेच, पण ज्ञानात भरही घालावी. आपल्या श्रमांविषयी, आपल्या इतिहासाविषयी आणि आपल्या गावांविषयी जे लिहिले गेले, ते पुष्कळसे इतरांनी लिहिले आहे. हे चित्र बदलायचे तर आपल्या मुलांना चार-पाच वर्षे निश्चिंतपणे अभ्यास करता आला पाहिजे, आणि त्यासाठी पैसा लागतो.

हा पैसा अपुरा असला तरी उपलब्ध आहे. तो मिळण्यासाठी हुशारी लागतेच. पण त्याहीपूर्वी योजना वेळेवर कळावी लागते आणि अर्ज नीट लिहिता यावा लागतो. प्राध्यापकाच्या घरातील मुलाला या दोन्ही गोष्टी जेवणाच्या पंगतीत कळतात. शेतमजुराच्या मुलीला त्या कोणीतरी मुद्दाम सांगाव्या लागतात. ते ‘कोणीतरी’ आपण व्हायचे की नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

बाबासाहेबांचे शिक्षण आपण नेहमी आठवतो. त्या शिक्षणाचा खर्च कसा भागला, याकडे तितक्या बारकाईने पाहत नाही. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या संस्थानाकडून तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची होती. कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले. पण वाढवून मिळालेली मुदतही संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अपुरा ठेवून त्यांना परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी एक काळजी घेतली : चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची लेखी परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करताना काटकसरीने पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला, तो या सर्व आधारांवर.

या हकिकतीत संस्थानाची शिष्यवृत्ती आहे, स्वतःची बचत आहे, राजाश्रय आहे आणि मित्राचे कर्जही आहे. कोणत्याही एका आधारावर ते संशोधन पुरे झाले नसते. शासनाची शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहेच; पण ती मिळेपर्यंत आणि ती संपल्यावर भथेनांची जागा कोणी घ्यायची, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारायचा आहे.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. सातव्या शतकात नालंदा येथे राहून शिकलेल्या ह्युएन त्संगच्या चरित्रात, राजाने सुमारे शंभर गावांचा महसूल त्या विहाराला लावून दिल्याची नोंद आहे. चीवर, भोजन, निवास आणि औषध यांसाठी तेथील विद्यार्थ्यांना कोणापुढे हात पसरावा लागत नसे, आणि त्यांच्या विद्येच्या परिपूर्णतेचे मूळ यातच होते, असे तो चरित्रकार सांगतो. अभ्यासकाला पोटाच्या चिंतेतून मोकळे करणे हे दानाचे मोठे रूप होय. म्हणून शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना आपल्या मुलांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. अर्ज ही याचना नव्हे. मी अमुक काम करीन, त्याला इतका काळ आणि इतका खर्च लागेल, असा तो समाजाशी केलेला करार असतो.

आज कोणती दारे उघडी आहेत, हे पालकांनीही जाणून घ्यावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून चालू आहे. तिच्या वर्षाला दोन हजार जागा असून निवड ‘नेट’ परीक्षेच्या आधारे होते. पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये असा तिचा २०२३ पासूनचा दर आहे. ‘नेट’ वर्षातून दोनदा होते. कनिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी तिला वयाची अट आहे, मात्र अनुसूचित जातींना आणि महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. पुण्याची ‘बार्टी’ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची संशोधन अधिछात्रवृत्ती देते. परदेशी शिक्षणासाठी राज्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिच्या ७५ जागा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची आहे आणि तिच्या १२५ जागांपैकी बहुतेक अनुसूचित जातींसाठी आहेत. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष होते आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठात आहे. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी इतिहास अनुसंधान परिषद आहे. १८९२ पासून चालत आलेला जे. एन. टाटा एंडोमेंट परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. फुलब्राइट, चेव्हनिंग, कॉमनवेल्थ यांची दारे सर्वांना खुली आहेत. आपल्याच माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले आणि पुढे फुलब्राइटसाठीही त्यांची निवड झाली. तालुक्याचे गाव दूर आहे म्हणून जग दूर असते, असे नाही.

या योजनांचे नियम आणि उत्पन्नाच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. त्या त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी, आणि पैसे घेऊन फेलोशिप मिळवून देतो असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

अर्ज बाद होण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि गुणपत्रिकेवर तिसरे. जातीचा दाखला आहे, पण जात वैधता प्रमाणपत्र नाही. दाखला राज्याच्या नमुन्यात आहे आणि योजना केंद्राची आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. तरी दाखल्यावरील जात आणि धर्म यांच्या नोंदी नीट नसल्या, तर आपल्याच मुलांना खेटे घालावे लागतात. उत्पन्नाचा दाखला जुना झालेला असतो. हे सारे अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात लक्षात येते आणि तोवर वेळ गेलेली असते. यांतील निम्म्या चुका शाळेच्या हजेरीपटातच दुरुस्त होऊ शकतात. आठवीत असतानाच मुलाचे नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद तपासून घेतली, तर पंधरा वर्षांनंतरचा एक अर्ज वाचतो.

याहून अवघड काम असते संशोधनाचा आराखडा लिहिण्याचे. आपल्या अनेक हुशार मुलांचे आराखडे ‘अनुसूचित जातींची सामाजिक व आर्थिक स्थिती : एक अभ्यास’ अशा धर्तीचे असतात. तळमळ खरी असते, पण त्यात प्रश्न नसतो. निवड समितीला एका बैठकीत पुष्कळ अर्ज वाचायचे असतात. काय शोधायचे आहे, हे पहिल्या परिच्छेदात कळले नाही तर तो अर्ज मागे पडतो. हाच विषय असा मांडता येईल : उजनीचे पाणी आल्यावर माढा तालुक्यातील भूमिहीन शेतमजूर स्त्रियांच्या मजुरीत आणि कामाच्या दिवसांत काय बदल झाला? आता गावे ठरविता येतात : दोन कालव्याखालची, दोन कोरडवाहू. कोणाला भेटायचे, कोणते दप्तर पाहायचे, किती महिने लागतील, प्रवासाला आणि मुलाखती उतरवून घ्यायला किती खर्च येईल, हे सारे लिहिता येते. असा प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि जाण, दोन्ही आपल्या मुलींपाशी जन्मापासून आहेत. ज्या रानात आईने खुरपणी केली, त्या रानाची माहिती त्यांना कोणत्याही ग्रंथालयापेक्षा अधिक आहे. ती माहिती शास्त्राच्या भाषेत मांडायला कोणीतरी शिकविले पाहिजे, एवढेच.

शिफारसपत्रांचेही तसेच. मुलगा आदल्या दिवशी सरांकडे जातो आणि सर घाईने चार ओळी लिहून देतात. अशा पत्राने कोणाचेच भले होत नाही. आराखडा आणि गुणपत्रिका हाती देऊन किमान तीन आठवडे आधी पत्र मागावे.

एवढे सगळे करूनही अडचण संपत नाही, कारण शासनाकडून मिळणारा पैसा उशिरा येतो. अधिछात्रवृत्ती मंजूर होते आणि हप्ता महिनोन्‌महिने येत नाही. ‘बार्टी’च्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घकाळ धरणे धरावे लागले, हे आपण पाहिले आहे. याहून चिंतेची गोष्ट विषयांची आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. हे विषय भारतातच अभ्यासता येतात, असा युक्तिवाद यामागे आहे. तो मला मान्य नाही. कोलंबियात बाबासाहेबांचा एम. ए. चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध १९१६ मध्ये तेथील चर्चासत्रातच वाचला गेला. हा नियम बडोदा संस्थानाने लावला असता, तर त्यांना परदेशी जाता आले नसते. स्वतःच्या समाजाकडे दुरून आणि मोकळेपणाने पाहण्याची संधी ज्यांना सर्वांत अधिक हवी, त्यांच्यासाठीच ती बंद करणे अन्यायाचे आहे. त्याविरुद्ध संघटितपणे बोलले पाहिजे.

परंतु शासनाशी भांडत असतानाही मुलीची खोली आणि खाणावळ चालू राहिली पाहिजे. हप्ता सहा महिने थांबला की घरच्यांचा धीर सुटतो, आणि तो सर्वांत आधी मुलीच्या शिक्षणाबाबत सुटतो. ‘किती दिवस शिकणार?’ या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर असते. हातात पैसा नसल्याने ते ऐकले जात नाही.

म्हणून शाळेच्या माजी विद्यार्थी संघापुढे मी काही सूचना ठेवतो. पहिली, शाळेत एक शिष्यवृत्ती कक्ष असावा. एक कपाट, एक संगणक आणि आठवड्यातून एक दिवस बसणारा एक जाणता माणूस एवढ्यावर तो सुरू होईल. योजनांचे वार्षिक वेळापत्रक त्याने भिंतीवर लावावे आणि दहावीनंतरही मुलांचा पत्ता सोडू नये. दुसरी, संशोधनाच्या प्रत्येक अर्जदाराला दोन माजी विद्यार्थी जोडून द्यावेत : एकाने कागदपत्रे पाहावीत, दुसऱ्याने आराखडा वाचून निःसंकोच दोष दाखवावेत. बाद झालेले अर्जही कक्षात जपून ठेवावेत, कारण पुढच्या अर्जदाराला त्यांतून अधिक शिकता येते. तिसरी, फिरता निधी उभारावा. मंजूर झालेली पण अडकलेली अधिछात्रवृत्ती येईपर्यंत त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी आणि थकबाकी एकरकमी आली की ती परत घ्यावी. नियम लेखी असावेत, म्हणजे घेणाऱ्याला उपकाराखाली राहावे लागणार नाही. निधी छोटा असला तरी चालेल. फिरत राहिला तर तो पुष्कळांना पुरेल.

या जिल्ह्याला अशा कामाचा वारसा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्या काळी मुलाला शाळेपर्यंत पोचविणे हेच मोठे काम होते आणि राहण्या-जेवण्याची सोय ही त्याची गरज होती. आपली निवासी शाळा त्याच विचाराची वारस आहे. आज वाट लांबली आहे. मुले मोडनिंबहून सोलापूर, पुणे, दिल्ली आणि त्यापलीकडेही जाऊ पाहतात. वाट लांबली की शिदोरीही मोठी बांधावी लागते. दहावीच्या निरोप समारंभात आपण मुलांना पुष्पगुच्छ देतो, तो द्यावाच. त्याबरोबर तपासलेल्या दाखल्यांची एक फाईल, कक्षाचा पत्ता आणि ‘अडलात तर कळवा’ असा शब्द द्यावा, आणि तो पाळावा.