अंड्याची जाहिरात खरं बोलत होती



दशलक्षण पर्वाच्या तयारीसाठी परवा आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. पूजेच्या पाळ्या, प्रवचनाची वेळ, पारण्याचा स्वयंपाक कुणाकडे, हे सगळं अर्ध्या तासात ठरलं. मग गाडी रात्रीच्या सांस्कृतिक कार्यक्रमांवर आली आणि कुणीतरी सुचवलं, ‘जुन्या जाहिराती ओळखा’. चाल वाजवायची, नाव सांगायचं, बक्षीस घ्यायचं. लगेच सगळ्या गुणगुणायला लागल्या. निरमाची गिरकी घेणारी मुलगी, अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी, सर्फच्या ललिताजी, विको, रसना. एक जण म्हणाली, “किती निरागस होतं गं सगळं!” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणाले, मला हे पटत नाही. झालं! “तुमचं काहीतरी वेगळंच असतं काकू,” म्हणून सगळ्या हसल्या. बैठकीत बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. राग आला तरी पूर्ण वाचा.

माझा गाण्यांवर राग नाही. मलाही सगळ्या चाली पाठ आहेत, आणि ‘नमोकार’नंतर माझ्या मुलीला सगळ्यांत आधी पाठ झाली ती जाहिरातच होती, हे कबूल करते. माझा राग ‘निरागस’ या शब्दावर आहे.

मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसायला लागलं. दूरदर्शनवर जाहिराती आल्या 1 जानेवारी 1976 ला. म्हणजे मधली काही वर्षं जाहिरातींशिवायचा टीव्हीही होता, पण त्याची कुणाला आठवण येत नाही. मी तेव्हा शाळेत होते. पुढे बी. कॉम. करताना मार्केटिंगच्या पेपरात शिकले की जाहिरातीचं पहिलं काम म्हणजे ज्याची गरज नाही त्याची इच्छा उत्पन्न करणं. परीक्षेत ते लिहून मार्क मिळवले आणि लग्न झाल्यावर त्याच इच्छांच्या याद्या करून वाण्याकडे गेले. शिक्षणाचा असा उपयोग!

ललिताजींचंच घ्या. आपल्याला त्या शेजारच्या चोखंदळ बाई वाटायच्या. पण त्या आल्या कशा? अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 साली निरमा काढली, सुरुवातीला सायकलवरून दारोदार विकली. ती इतकी स्वस्त होती की हिंदुस्थान लिव्हरच्या सर्फचं गिऱ्हाईक पळायला लागलं. त्याला उत्तर म्हणून लिंटास एजन्सीच्या अ‍ॅलिक पदमसींनी ललिताजी उभ्या केल्या. आपल्या आईवरून ती बाई सुचली असं ते सांगत. कविता चौधरींनी काम उत्तमच केलं, पुढे ‘उडान’ मालिकाही त्यांनीच केली. पण ती काटकसरी गृहिणी महाग पावडर खपवण्यासाठी घडवलेली होती, हे विसरू नका. तरी ललिताजींना मी अर्धे मार्क देते, कारण त्या हिशोब मांडायच्या. महाग पावडर अर्धा किलो आणि स्वस्त एक किलो यांचं काम सारखंच, असा त्यांचा दावा होता. तो खरा की खोटा हे आपल्या बादलीत तपासता यायचं.

विकोचा किस्सा तर वाणिज्यवाल्यांनी मुद्दाम वाचावा. पेंढारकरांची ही मराठी कंपनी 1952 सालची. हळदीचं क्रीम हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, असं त्यांचं गाणं सांगायचं. नेमका त्याच प्रश्नावर एक्साइज खात्याशी त्यांचा वाद झाला, कारण प्रसाधनाला कर जास्त आणि आयुर्वेदिक औषधाला कमी. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि विको जिंकली. आपण अंगणात नाचत गात होतो ते वाक्य कोर्टात वर्षानुवर्षं घासलं जात होतं. निरागस म्हणे!

आता मुख्य मुद्द्यावर येते.

जुन्या आवडत्या जाहिरातींच्या आपल्या यादीत एक जाहिरात कधीच नसते, म्हणजे आपल्या घरांत तरी. रविवार-सोमवारचं यमक जुळवून रोज अंडी खायला सांगणारी. ती कुठली होती माहीत आहे का? आपल्या पुण्याची. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1982 साली नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी उभी केली, तिचं मुख्यालय पुण्यात. व्यापारी अंड्यांचे भाव पाडायचे म्हणून कोंबडीपालकांना एकत्र आणलं, भाव स्वतः ठरवायला लावले आणि खप वाढवायला जाहिरात केली. ती इतकी चालली की शाकाहारी घरातल्या पोरांच्याही तोंडी बसली.

आमच्याकडे तेव्हा लाकडी शटरचा टीव्ही होता. शनिवारचा मराठी सिनेमा लागला की सगळं घर खोलीत जमायचं. ती जाहिरात लागली की माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणायचो, उठून सर्रकन शटर ओढायच्या. ती संपली असेल असा अंदाज घेऊन पुन्हा उघडायच्या. तोवर सिनेमाचं वाक्य गेलेलं असायचं. एकदा माझी मुलगी जिन्यात ते गाणं म्हणाली, तर आईंनी दिवसभर अबोला धरला. तिच्याशी नव्हे, माझ्याशी!

आणि त्याच घरात, त्याच सुमारास, मुलीच्या वाढदिवसाला मी जेली केली.

टीव्हीवर बघितली होती. थरथरणारी, लाल, काचेसारखी, भोवती टाळ्या पिटणारी मुलं. कंपनीचं नाव सांगत नाही. पाकीट आणलं, गरम पाण्यात ढवळलं, शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवलं. आईंचा रात्रिभोजनाचा त्याग, म्हणून वाढदिवस चार वाजताच. समाजातली पंधरा-वीस मुलं होती. आईंनीही दोन चमचे खाल्ली आणि म्हणाल्या, “गोड आहे गं, आत काय घालतात?” मी म्हणाले, “साखर आणि रंग.” मला तेवढंच माहीत होतं.

2001 नंतर पाकिटांवर ठिपके आले. शाकाहारी असेल तर हिरवा, नसेल तर तपकिरी. एक दिवस वाण्याच्या दुकानात मी सहज ते पाकीट उलटं केलं, तर त्यावर तपकिरी ठिपका. जिलेटिन. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात ते. आई त्याआधी तीन वर्षं गेल्या होत्या.

अंड्याची जाहिरात स्वतःला अंडं म्हणायची. तिने आपल्याला फसवलं नाही. आपल्याला ती नको होती, आपण शटर ओढलं, विषय संपला. ज्या गोड गाण्यासाठी शटर उघडं ठेवलं, ते गाणं आत काय आहे याबद्दल चकार शब्द बोललं नाही. आणि आपण शिव्या दिल्या कुणाला?

मैत्रिणींनो, चार कषायांतला तिसरा कषाय माया. मराठीत माया म्हणजे जिव्हाळा, आणि आपल्या शास्त्रात माया म्हणजे कपट. या जुन्या जाहिरातींपाशी आपण पहिल्या मायेत इतक्या बुडालो की दुसरी दिसत नाही.

बैठकीत एक जण म्हणाली, “अज्ञानात झालं त्याचं काय एवढं?” कर्मबंधाचा निर्णय मी करणारी कोण? ते महाराजांना विचारा. पण अज्ञान आपलं असलं तरी पाकीट भरणाऱ्याला आत काय आहे ते माहीत होतं. 1983 साली वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ उघड झाली तेव्हा देशभर गदारोळ झाला. आमच्या घरातून वनस्पती त्या दिवशी गेलं ते परत आलं नाही. म्हणजे विचारायला हवं हे आपल्याला तेव्हाच कळलं होतं. तरी चार-पाच वर्षांत मी चाल ऐकून जेलीचं पाकीट आणलं.

आणि “आजच्या जाहिराती किती वाईट” असंही म्हणू नका. आज निदान ठिपका आहे, घटकांची यादी आहे, चष्मा लावून वाचता येते. ठिपक्यावर डोळे मिटून विसंबू मात्र नका. मधाच्या बाटलीवरही हिरवाच ठिपका असतो, आणि मद्य-मांस-मधूचा त्याग तर आपल्या मूलगुणांतच आहे. कंदमुळांचं त्याला काही देणंघेणं नाही. परवाच ‘जैन’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं एक फरसाणाचं पाकीट सुनेने आणलं. कांदा-लसूण नव्हतं, पण यादीत तिसऱ्या क्रमांकावर बटाटा! आता आपलं नावच जाहिरात झालं आहे, त्याची चाल मात्र अजून कुणी बांधलेली नाही.

तर मंडळाने कार्यक्रम जरूर करावा. मी काही बहिष्कार घालणारी बाई नव्हे. पण त्यासाठी दिवस कोणता निवडलाय बघा, पर्वाचा तिसरा. उत्तम आर्जवाचा! सकाळी प्रवचनात सरळपणाचं महत्त्व ऐकायचं आणि रात्री या चाली ओळखायच्या.

माझी एकच अट आहे. प्रत्येक चाल ओळखली की दुसरा प्रश्न विचारायचा, त्यात काय होतं? उत्तर येईल तिलाच बक्षीस. आणि पहिली चाल अंड्याच्या जाहिरातीची लावायची. त्या एका प्रश्नाचं उत्तर तरी सगळ्यांना येईल. सेक्रेटरीबाईंना मी तसं कळवलं आहे, त्यांचा फोन अजून आलेला नाही.