देवावर सोडायचं म्हणजे नेमकं काय?



“देवावर सोड आणि शांत झोप.” घरात आजारपण आलं की हे वाक्य दिवसातून चारदा कानावर पडतं. सांगणाऱ्याची माया खरी असते, पण मला ते अर्धवट वाटतं. आपण अरिहंतांवर काय सोडणार? ते वीतराग. कुणावर प्रसन्न होत नाहीत, कुणावर रागवत नाहीत, कुणाचा रिपोर्ट बदलून देत नाहीत. मी बी.कॉम.ची, म्हणून माझ्या भाषेत सांगते: आपल्या खात्यावरची बाकी दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग करता येत नाही.

मग जैन बाईने निवांत व्हायचं तरी कशाच्या भरवशावर?

उत्तराध्ययन सूत्राच्या विसाव्या अध्ययनात अनाथी मुनींची कथा आहे. कौशांबीच्या श्रीमंत घरातला तरुण. डोळ्यांत असह्य वेदना, अंगाचा दाह. वैद्य झाले, मंत्र झाले, वडील सगळं धन द्यायला तयार, बायकोने अन्नपाणी टाकलं. कुणाचाच इलाज चालला नाही. तेव्हा त्याने ठरवलं की यातून सुटलो तर संयम घेईन. आणि त्याला झोप लागली. सकाळी वेदना गेली होती. पुढे श्रेणिक राजा त्यांना म्हणाला, मी तुमचा नाथ होतो. तर मुनी म्हणाले, राजा, तू स्वतःच अनाथ आहेस.

प्रवचनात सगळे वेदना गेली यावर थांबतात. मला मात्र क्रम महत्त्वाचा वाटतो. झोप आधी लागली, वेदना नंतर गेली. निकाल कळायच्या आधीच तो निवांत झाला होता, कारण आपण काय करायचं हे त्याचं ठरलं होतं.

आपल्या सामायिकात हेच तर आहे. अठ्ठेचाळीस मिनिटं. कायोत्सर्ग म्हणजे तेवढा वेळ देहावरचं ‘माझं’पण उतरवून ठेवणं. यजमानांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्याच्या आदल्या रात्री मी फाईल लावली, गोळ्यांची यादी लिहिली, पैशांची सोय पाहिली आणि प्रतिक्रमणाला बसले. माझ्या हातातलं संपलं होतं. त्या रात्री मी झोपले. जावेला त्याचं नवल वाटलं, थोडा रागही आला असावा! पण जागून मी डॉक्टरांना काय मदत करणार होते?

इकडे सूर्यमाळच्या डोंगरात वाघबारस असते, दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला. गुराखी वाघदेवाला पुजतात, गुरं सांभाळ म्हणतात. पण पूजा झाली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी गुरं मोकळी सोडून घरी झोपत नाही. काठी घेऊन मागे जातातच. त्यांचा देव वेगळा, आपलं तत्त्वज्ञान वेगळं, तरी हे मला फार पटतं. राखण आपली, आणि राखणीच्या पलीकडची भीती तेवढी देवापाशी ठेवायची.

एका गोष्टीवर मात्र मी अडते. हाच उपदेश आपण कुणाला करतो? इथे पावसाळ्यात धो धो पाऊस, नागली-वरईची शेतं उतारावर, आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन डोंगर चढतात. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर निघतात. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने लहान मुलं गेली. त्या आयांना कुणी विश्वास ठेवा, शांत राहा म्हटलं असतं, तर तो धर्म नव्हता. त्या मुलांचं पोट भरणं कुणाच्या तरी हातात होतं, आणि ते झालं नाही. जे माणसांच्या हातात आहे ते देवाच्या नावे टाकणं म्हणजे खोटी नोंद.

म्हणून यंदा पर्युषणात मंडळापुढे मी एक सूचना ठेवणार आहे. पारण्याच्या जेवणाचा खर्च थोडा कमी करू आणि उरलेल्या पैशांत एका पाड्यावर पाण्याची टाकी बसवू. कुणाला पटलं तर कळवा. हिशेब मी ठेवीन.