‘ट्रिपल निगेटिव्ह’ लिहिण्याआधी

स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट हाती आला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कितवी स्टेज?’ प्रश्न चुकीचा नाही. पण रोग किती पसरला, एवढेच स्टेज सांगते. तो कोणत्या जातीचा आहे आणि कोणत्या औषधाला दबेल, हे रिपोर्टच्या शेवटच्या तीन-चार ओळींत असते: ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७. पाच वर्षे गोळी घ्यायची, हर-टूविरोधी इंजेक्शन घ्यायचे की केमोथेरपीवरच भिस्त ठेवायची, हे त्या ओळींवर ठरते. आणि त्या ओळी कितपत खऱ्या, हे पुष्कळदा गाठ काढल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातच ठरून गेलेले असते.

स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नव्हे, याची चुणूक जुनी आहे. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये अंडाशये काढल्यावर स्तनातील वाढलेला रोग ओसरल्याचे नोंदवले. पुढे इतरांनी तोच उपाय केला तेव्हा साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांनाच गुण आला. कारण बऱ्याच वर्षांनी कळले: काही गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर असतात, काहींत नसतात. २००० मध्ये अमेरिकेत चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी गाठींतील हजारो जनुकांची सक्रियता एकाच वेळी मोजली आणि या आजाराचे रेणवीय गट समोर आले. ल्युमिनल, हर-टू आणि बेसल ही नावे तिथून रूढ झाली. ल्युमिनलचे ए आणि बी असे पोटभेद लगेच पुढच्या वर्षी आले. प्रत्येक रुग्णाची जनुक चाचणी परवडत नाही, म्हणून रोजच्या कामात रिसेप्टर रंगवून दाखवणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री वापरतात आणि तिच्यावरून गटाचा अंदाज बांधतात.

सरावलेल्या पॅथॉलॉजिस्टला साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरही बरेच काही दिसते. ल्युमिनल ए गाठीतील पेशी दूधनलिकांची शिस्त पुरती विसरलेल्या नसतात. त्या बारीक नळ्या करतात, त्यांची केंद्रके लहान व एकसारखी असतात आणि विभाजन तुरळक. ल्युमिनल बी अधिक घाईची. हर-टू गाठीत केंद्रके मोठी आणि ओबडधोबड, कित्येकदा नलिकांच्या पोटात मेलेल्या पेशींचा चुरा. ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही नसलेल्या, म्हणजे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठी बहुतेक बेसल गटातल्या. त्यांत पेशींचे थरच्या थर, आजूबाजूला रेटत जाणाऱ्या कडा, मधोमध मृत भाग, भोवती लिम्फोसाइटची गर्दी आणि जिकडेतिकडे विभाजन. म्हणूनच सुबक नळ्या करणाऱ्या मंद गाठीच्या रिपोर्टवर ‘ईआर निगेटिव्ह’ असे आले, तर ते मुकाट्याने मान्य करू नये. अशी जोडी क्वचितच जमते. आधी शंका तपासणीवर घ्यावी.

तपासणी बिघडते कुठे? बहुतेक वेळा लॅबच्या बाहेरच. शरीरातून निघालेला तुकडा लगेच खराब व्हायला लागतो आणि रिसेप्टर झिजतात. त्यामुळे तासाभराच्या आत तो दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि त्यात किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. प्रत्यक्षात गाठ सलाइनमध्ये घालून नातेवाइकांच्या हाती दिली जाते आणि ती बरणी एसटीने शहर गाठते. फॉर्मॅलिन असले तरी गाठीला जेमतेम भिजवण्यापुरते. हवे असते तिच्या साधारण दहापट. शिवाय ते तासाला सुमारे एक मिलिमीटर इतकेच आत मुरते. अख्खा स्तन न कापता बरणीत टाकला तर वरची कातडी उत्तम टिकते आणि मधली गाठ, जिच्यासाठी सारा खटाटोप, आतल्या आत नासते. शनिवारचे ऑपरेशन आणि पुढे जोडून सुट्ट्या आल्या, की उलटे संकट: तुकडा ७२ तासांच्या वर तसाच पडून.

भारतातील अनेक अभ्यासांत ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांच्या घरात येते; पाश्चात्त्य देशांत ते १० ते १५ टक्के मानतात. आपल्याकडे रुग्ण तुलनेने तरुण असतात, हे त्याचे एक खरे कारण. पण त्यात काही वाटा त्या बरणीचाही असावा, ही शंका पॅथॉलॉजिस्ट पूर्वीपासून बोलून दाखवतात. ती फेटाळण्याजोगी नाही. जिच्या गाठीत एक टक्का पेशींत जरी ईआर असेल, तिचा हार्मोनच्या गोळीसाठी विचार व्हायला हवा. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांनी पाच वर्षे टॅमोक्सिफेन घेतले, तर या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. गोळी काही रुपयांना मिळते. खोट्या ‘निगेटिव्ह’मुळे बाई नेमकी त्या स्वस्त गोळीला मुकते आणि ‘सर्वांत वाईट प्रकार’ हे मोबाइलवर वाचून निम्मी खचते, ते वेगळेच.

यावर उपाय महागडे नाहीत. आळस मात्र सोडावा लागेल. निदानाआधी गाठ काढण्याची घाई अजूनही होते. त्याऐवजी ट्रू-कट बायोप्सी आधी व्हायला हवी. सुईने काढलेल्या बारीक कांड्यांत फॉर्मॅलिन झटपट मुरते आणि रिसेप्टर भरवशाचे कळतात. मोठा भाग काढलाच तर गाठीतून सुरी फिरवूनच तो बरणीत टाकावा. तपासणीच्या फॉर्मवर नाव, वय, पत्ता सारे असते. तुकडा किती वाजता काढला आणि फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता घातला, या दोन वेळांसाठी रकाना नसेल तर पेनाने लिहाव्यात. लॅबचीही जबाबदारी आहेच. गाठीशेजारच्या निरोगी दूधनलिकांतील काही पेशी ईआरच्या तपासणीत तपकिरी व्हायलाच हव्यात. त्याही कोऱ्या राहिल्या, तर त्या रंगावरून ‘निगेटिव्ह’ लिहू नये, तपासणी पुन्हा करावी. हर-टू ‘दोन प्लस’ आले तर फिश तपासणी केल्याशिवाय निकाल देऊ नये. ती खर्चिक आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही, पण त्यामुळे ‘दोन प्लस’चा निकाल अंदाजाने लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या हातातली आहे. गाठीचे तुकडे मेणात बसवून केलेले ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतात. बाई पुण्या-मुंबईला निघते तेव्हा फाइलमध्ये सोनोग्राफीपासून औषधांच्या बिलांपर्यंत सगळे असते. ब्लॉक तेवढा पहिल्या लॅबच्या कपाटात राहतो. तो सही करून मागून घ्यावा, कारण फेरतपासणी त्यावरच होते. गाठीचा ब्लॉक बिघडलेला निघाला तर आधीच्या बायोप्सीचा चालतो, काखेतील रोग शिरलेल्या गाठीचाही चालतो. उत्तर बदलले तर केमो संपल्यानंतरही ती गोळी सुरू करता येते.